हे औषध यावर नाही

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पांढरकवडा, आर्वी, दारव्हा, अकोट अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कृषी केंद्रांच्या पाट्या लागतात. आत गल्ल्यावर शेठ, भिंतीवर फ्रेम केलेला परवाना, दाराशी साठ्याचा नि भावाचा फलक, आणि काउंटरवर दोन-तीन पोरं. कुणी बी.एस्सी. ॲग्री झालेला, कुणी कृषी पदविका, कुणी नुसता बारावी. महिन्याचा पगार बेताचाच. शेतकरी येतो, खिशातून रुमालात गुंडाळलेलं कापसाचं पान काढून काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "पऱ्हाटी लाल पडून रायली भाऊ, काय मारू?"

विदर्भाच्या कोरडवाहू पट्ट्यात पिकाचा डॉक्टर बहुतेक वेळा हाच पोरगा असतो. सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या कृषी सहायकाच्या) वाट्याला पुष्कळ गावं. विद्यापीठ अकोल्याला, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूरला. तुडतुडा, म्हणजे पानातला रस शोषणारा किडा, मात्र आज वावरात आहे. त्यामुळे काउंटरवर मिळालेलं उत्तर संध्याकाळी फवारणीच्या पंपात जातं. ते उत्तर खरं असावं म्हणून काय काय लागतं, आणि ते खरं राहू नये अशी मालकाचीच इच्छा असेल तेव्हा नोकरानं काय करायचं, याबद्दल थोडं तपशिलात लिहायला हवं असं मला वाटतं. "प्रामाणिक राहा" एवढं सांगून त्या पोराच्या हातात काहीच पडत नाही.

"खोटं बोल" असं कुठलाही शेठ म्हणत नाही. तो म्हणतो, "हे ढकलून दे." म्हणतो, "गिऱ्हाईक वापस जाऊ देऊ नको." किंवा गिऱ्हाईक गेल्यावर हळूच, "तू काहून त्याले शिकवत बसतं?" खोटं असं सुटं सुटं, रोज थोडं थोडं येतं. एकदा टॉनिकची जास्तीची बाटली, एकदा "युरिया संपला", एकदा बिलावर दुसरंच नाव. यातला एकेक प्रकार इतका बारका असतो की त्यासाठी नोकरी सोडावी असं कुणालाच वाटत नाही. हंगाम संपेपर्यंत त्या सगळ्यांची बेरीज होते, आणि तोवर पोराची जीभ वळलेली असते.

आधी लागते ती माहिती. ज्याला लाल्या (किडीशिवाय पान लाल पडणं) आणि तुडतुड्याचा प्रादुर्भाव वेगळा ओळखता येत नाही, त्याला काउंटरवर खरं बोलताच येणार नाही, मन कितीही स्वच्छ असो. शेठनं आणि कंपनीच्या माणसानं जे सांगितलं तेच तो मनापासून खरं समजून पुढे सांगेल. म्हणून रुमालातलं ते पान आधी उलटं करायचं. खालच्या बाजूला फिकट हिरवे, तिरपे पळणारे किडे दिसले, पानाच्या कडा पिवळ्या होऊन लाल पडत असल्या आणि पान कडेनं वळत असलं, तर तुडतुडे. पानामागे दोन-तीन तुडतुडे ही फवारणीची पातळी. पण किडा नाही, पान झाडाच्या खालच्या भागातलं, शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग जांभळट लाल, असं असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय. त्याला मॅग्नेशियम सल्फेट, दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅमपर्यंत, आणि नत्र कमी वाटलं तर दोन टक्के डीएपी खताची फवारणी. दहा लिटरला दोनशे ग्रॅम डीएपी रात्री भिजत घालायचं आणि सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. गाळली नाही तर नोझल बुजतं आणि शेतकरी औषधाला शिव्या देतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाड बोंडांनी लदलेलं आणि रात्री थंडी पडलेली असेल, तर पानं पुष्कळदा वयानं लाल होतात. तिथे काही मारायची गरजच नसते.

या तिन्हींपैकी काहीही असो, दुकानाला सगळ्यात जास्त पैसे सुटतात ते चौथ्याच गोष्टीत, टॉनिकमध्ये. मॅग्नेशियम सल्फेटच्या थैलीत मिळतं काय, आणि रंगीत बाटलीत मिळतं काय, हे शेठला तोंडपाठ असतं. जैव-उत्तेजकं म्हणून विकली जाणारी ही उत्पादनं 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली ती त्यांच्यातला गोंधळ पाहूनच. लाल पानावर टॉनिक दिलं तर शेतकरी मरत नाही, पीकही मरत नाही, फक्त त्याचे चारपाचशे रुपये जातात आणि आठवड्याभरानं पान तसंच लाल. इतकं निरुपद्रवी खोटं असल्यामुळे सवय इथूनच लागते.

इथे बोलायचं वाक्य साधं आहे: "काकाजी, हे औषध यावर नाही." त्याच्या पुढे कंपनी वाईट, शेठ लबाड, असं काही जोडायचं नाही. वस्तूबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. शेठ शेजारीच बसलेला असला तरी या वाक्यात त्याचा अपमान होत नाही. आणि लगेच त्या रोगावर जे आहे ते समोर ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जात नाही. नुसतं "नाही" म्हणणारा पोरगा दोन हंगाम टिकत नाही. "हे नाही, हे घ्या" म्हणणारा टिकतो.

मात्रेतही हेच. कापसावरच्या बोंडअळ्यांसाठी इमामेक्टिन बेन्झोएट पाच टक्क्याची मात्रा लेबलवर हेक्टरी 190 ते 220 ग्रॅम, पाचशे लिटर पाण्यात, अशी दिलेली असते. शेतकरी एकरात आणि पंपात विचार करतो. ते हिशेब काउंटरवरच करून द्यायचे: एकराला 76 ते 88 ग्रॅम, दहा लिटरच्या पंपाला चार ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला सहा. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पुडीत एक एकर होऊन थोडं उरतं. "पंपाला दहा ग्रॅम टाका, तेव्हाच काम होते," असं सांगितलं की दहा लिटरच्या पंपाला पुड्या दुपटीहून जास्त खपतात. अळी लवकर मरते असं काही नाही. फवारणारा मात्र तेवढं जास्त विष अंगावर घेतो, आणि वाचलेल्या अळ्या त्या औषधाला सरावतात. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं गणित वेगळं. त्यात पाणी कमी लागतं म्हणून मिश्रण दाट होतं, पण एकरी औषध तेवढंच. हा फरक सांगितला नाही तर शेतकरी साध्या पंपातही तिप्पट टाकतो, कारण शेजाऱ्यानं "तिप्पट टाकलं" असं त्यानं ऐकलेलं असतं.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत तर खरं उत्तर पुष्कळदा "अजून नको" असं असतं. लावणीनंतर दीड महिन्यानं हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावायचे. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीचा विचार. किंवा वावरात आडवंतिडवं फिरून वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडायची आणि चिरून बघायची. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तर दहा टक्क्यांची पातळी गाठली. हे सांगितल्यावर त्या दिवशी दुकानातून एक सापळा आणि गंधगोळी जाते, दोन हजारांची औषधं जात नाहीत. शेठच्या कपाळाला आठी पडते ती इथे. तिला उत्तर नाही, ती सोसायची.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे सगळं लिहिलं तिच्याकडे येतो. 2017 च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कारणं एकात एक अडकलेली होती. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याइतकी वाढलेली, त्यामुळे फवारा तोंडावर. उघडं अंग. दमट, उकाड्याची हवा. बारीक तुषार उडवणारे पंप. आणि एकाच पंपात दोन-तीन कीटकनाशकं, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत असं सगळं मिसळून. हे मिश्रण शेतकऱ्यानं घरी बसून शोधून काढलेलं नव्हतं. त्यातलं पुष्कळसं काउंटरवरून गेलेलं होतं.

विषबाधेचा रोगी दवाखान्यात आला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "काय फवारत होता?" मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस अशा सेंद्रिय फॉस्फरस गटातलं असेल तर बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, आणि ॲट्रोपिन हा उतारा आहे. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडला किंवा फिप्रोनिलला असा ठरलेला उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करावा लागतो. दोन-तीन गटांचं मिश्रण असेल तर आणखी कठीण. अशा वेळी रोग्याची बायको किंवा भाऊ पिशवीतून काढून देतो ते दुकानाचं बिल. त्यावर फक्त "कृषी औषध, 2 नग" लिहिलेलं असेल, किंवा साठ्याचा मेळ बसवायला भलत्याच औषधाचं नाव घातलेलं असेल, तर डॉक्टरच्या हातात काही नाही. बिलावर खरं नाव, टक्केवारी, बॅच नंबर आणि मुदत लिहिणं म्हणजे त्या माणसाच्या उपचाराचा पहिला कागद लिहिणं आहे. शेठ म्हणेल, "गर्दी आहे, बिलं संध्याकाळी फाडू." संध्याकाळी फाडलेलं बिल वावरातल्या माणसाच्या घरी नसतं. गर्दीच्या दिवशीही हाती लिहून का होईना, नाव द्यायचंच. खोटं न बोलण्याच्या सगळ्या बाबींत ही बाब मी सगळ्यात वर ठेवीन. तिथे माणूस जातो.

बाटली हातात देताना ती एकदा फिरवून दाखवायला मिनिटभर लागत नाही. लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, मधोमध कापून दोन त्रिकोण केलेला. वरच्या भागात खूण आणि इशारा, खालच्या भागात रंग. लाल म्हणजे अतिविषारी, तिथे वर कवटी आणि हाडं. मग पिवळा, निळा, आणि सगळ्यात कमी विषारी हिरवा. पुष्कळ शेतकऱ्यांना हिरवा रंग बघून "हे पिकाला हिरवं करते" असं वाटतं, इतक्या थोड्या दुकानांत हे सांगितलं जातं. मग बॅच, तयार झाल्याची तारीख, मुदत. खोक्याच्या आत घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, त्यात कुठलं पीक, कुठली कीड, किती मात्रा, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं आणि विषबाधेवर काय करायचं, सगळं असतं. अक्षर इतकं बारीक की चाळिशीच्या माणसाला दिसत नाही. ते उघडून कापसाची ओळ पेनानं अधोरेखित करून द्यायची, पत्रक वावरात नेऊ नका, घरी बिलासोबत ठेवा, असं सांगायचं. आणि पत्रकात भाजीपाल्याचं नाव नसेल तर भाजीवर द्यायचं नाही. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे, तरी वांग्यावर मारायला मागणारे कित्येक वर्षं येत राहिले, आणि देणारेही.

मुदत संपलेल्या मालाचा नियम स्पष्ट आहे: वेगळा ठेवायचा, त्यावर तसं लिहायचं, विकायचा नाही. प्रत्यक्षात होतं ते असं की मुदतीला पंधरा-वीस दिवस राहिलेला माल आधी काढायला सांगतात, मग कंपनी परत घेत नाही म्हणून तारखेवर दुकानाचा स्टिकर येतो. हा स्टिकर लावायचं काम हटकून नोकराकडे. लावू नये. "शेठ, मुदतीच्या दोन महिने आधी मला यादी काढू द्या, डिस्ट्रिब्युटरला फोन लावतो," हे त्यावरचं कामाचं उत्तर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रॅकवर फिरून यादी केली तर स्टिकरची वेळच क्वचित येते. खोटं बोलायची पाळी येण्याआधी दोन महिने केलेलं कंटाळवाणं काम, नोकराच्या हातात एवढंच असतं, आणि ते थोडं नाही.

बियाण्यात वेगळीच ओढाताण. शेतकरी विचारतो, "घरचं सोयाबीन पेरलं तर चालते का?" दुकानाला पाहिजे असलेलं उत्तर, "नाई, दरसाल बदलावं लागते." खरं उत्तर असं की सोयाबीन स्वपरागित (स्वतःच्याच परागानं बी धरणारं) पीक आहे, सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. दोन-तीन वर्षं घरचं चालतं, उगवण तपासून. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल राखायची, पाच ते सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो. कमी निघाले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं, फारच कमी असले तर पेरायचंच नाही. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको. हे सांगणारा पोरगा तीस किलोच्या दोन थैल्यांचा धंदा हातानं घालवतो. पण बुरशीनाशक आणि रायझोबियम या जिवाणूखताची बीजप्रक्रिया तोच शेतकरी त्याच्याकडूनच नेतो. घरच्या बियाण्याला तीच जास्त लागते.

कापसाचं बियाणं मात्र संकरित, ते घ्यावंच लागतं. 475 ग्रॅमची बीजी-2 या बीटी कापसाची थैली 2025 च्या खरिपात 901 रुपयांना ठरवून दिलेली होती. मागणी असलेल्या वाणाला गिऱ्हाईक तुटून पडलं की "संपला" म्हणायचं आणि मागच्या दारानं जास्तीच्या भावात द्यायचा, बिल मात्र छापील किमतीचं. त्याहून वाईट ते चोर बियाणं, तणनाशक सहन करणारं, मंजुरी नसलेलं. पाकिटावर ना धड कंपनी, ना लॉट नंबर, बिलाचा तर प्रश्नच नाही. शेतकरी स्वतः मागायला येतो, कारण निंदणाची मजुरी परवडत नाही, आणि त्याची ती अडचण अगदी खरी आहे. म्हणून त्याला उपदेश करू नये. एवढंच सांगावं की हे उगवलं नाही किंवा कमी लागलं तर तक्रार समितीपुढे ठेवायला बिल, टॅग, पिशवी, उरलेलं बियाणं यातलं काहीच तुमच्याकडे नसेल. आणि या पऱ्हाटीत ग्लायफोसेट हे तणनाशक मारताना वारा फिरला तर धुऱ्यापलीकडच्याची तूर जाईल. ते विकायला आपण हात लावायचा नाही. शेठनं स्वतः दिलं तर तो त्याचा व्यवहार.

इथे गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांतला फरक धरून ठेवावा लागतो. नोकर प्रत्येक गोष्ट ओरडून सांगायला बांधलेला नाही. युरिया गोदामात आहे, शेठला तो जस्ताच्या पुडीबरोबर किंवा नॅनो खताच्या बाटलीबरोबरच द्यायचा आहे. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची, तिच्यावर दुकानदाराला सुटतं फारच थोडं, आणि वरून त्यालाही डिस्ट्रिब्युटरनं असंच काहीतरी गळ्यात बांधलेलं असतं. कृषी खातं दर हंगामात लिंकिंग, म्हणजे असं एकाला दुसरं जोडून विकणं, करू नका म्हणून बजावतं, आणि दर हंगामात ते होतं. नोकरानं "नाही" म्हणायचं नाही, कारण ते खोटं. "आहे, शेठशी बोला" म्हणायचं. दाराशी फलकावर साठा लिहायचं काम त्याच्याकडे असेल तर खरा आकडा लिहायचा. एवढं केलं तरी शेठला स्वतःचं खोटं स्वतः बोलावं लागतं. दहापैकी काही वेळा तो ते बोलत नाही, गोणी देऊन टाकतो. पुष्कळ माणसं दुसऱ्याच्या तोंडून जितकं सहज खोटं वदवतात तितकं स्वतः गावच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलू शकत नाहीत.

ई-पॉस मशीनबाबत मात्र गप्प राहूनही भागत नाही. देशभर 2018 पासून अनुदानित खत आधार आणि अंगठ्यावर विकलं जातं. एक गोणी नेणाऱ्याचा अंगठा घेऊन त्याच्या नावावर पाच चढवायच्या, आधी परस्पर गेलेल्या चार गोण्यांचा मेळ घालायचा, हा प्रकार मशीनवर बसलेल्या पोराच्या बोटांनी होतो. शेतकऱ्याला पडदा दिसत नाही, पावती दिली जात नाही. यावर उपाय यांत्रिक आहे: पडदा गिऱ्हाईकाकडे वळवून ठेवायचा आणि प्रत्येक पावती फाडून हातात द्यायची. शेठ म्हणाला "पावती काहून देतं?" तर "मशीनमधून निघतेच, शेठ." असं उत्तर देताना आवाज चढवावा लागत नाही.

या सगळ्याच्या आधीचं खोटं भिंतीवर असतं. कीटकनाशकं विकायच्या परवान्यासाठी 2015 पासून कृषी किंवा तत्सम विज्ञान शाखेचं शिक्षण लागतं. जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा अठ्ठेचाळीस आठवड्यांचा 'देसी' नावाचा पदविका अभ्यासक्रम आहे, तो करून पुष्कळांनी स्वतःचं नीट मार्गी लावलं. बाकीच्यांनी पदवी भाड्यानं घेतली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, अमरावतीला किंवा पुण्याला खोली करून राहिलेला पोरगा वर्षाकाठी काही हजारांत प्रमाणपत्र देतो आणि दुकानाचं तोंडही बघत नाही. घरचे म्हणतात, बसल्या जागी पैसे येतात, काय बिघडलं. बिघडतं असं की त्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक बाटलीवर जाणकार माणूस म्हणून त्याचं नाव आहे. निरीक्षकानं नमुना घेतला, तीन भाग केले, एक प्रयोगशाळेत गेला, अप्रमाणित निघाला, की कागदोपत्री शोध त्या नावापर्यंत येतो. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या वेळी असं प्रकरण उभं राहिलेलं कुणालाच नको असतं. पण मला त्याहून जास्त खटकतं ते हे की ज्या चार वर्षांत तो किडी ओळखायला शिकला, ते ज्ञान ज्याला पाहिजे त्या शेतकऱ्यापर्यंत न जाता फ्रेममध्ये टांगलं गेलं. पदवी द्यायची तर दुकानात बसायचं. बसायचं नसेल तर द्यायची नाही. इथे मधली वाट मला दिसत नाही.

शेठ राक्षस नसतो, हे लिहिलं नाही तर लेख अर्धा राहील. त्याची लाखोंची उधारी गावोगाव पसरलेली, ती कापूस विकला गेला तरच येते, आणि नापिकीच्या साली येत नाही. कंपनीचं टार्गेट, स्कीम, आणि टार्गेट गाठलं तर परदेशाची सहल. शेजारच्या दुकानात तोच माल पाच रुपयांनी कमी. त्यानं कधीकाळी स्वतःही काउंटरवरच सुरुवात केलेली असते. त्याच्याशी बोलायचं तर ही बाजू मान्य करूनच बोलावं. आणि बोलावं मे महिन्यात, माल भरायच्या आधी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, चहा पिताना. जुलैच्या गर्दीत शेतकऱ्यासमोर सांगितलेली खरी गोष्टही त्याला उद्धटपणा वाटते. म्हणायचं एवढंच: "शेठ, विक्री मी मन लावून करीन. बिल ज्याचं त्याच नावानं फाडीन, लेबलावर नाही त्या पिकाला औषध देणार नाही, मशीनवर जास्तीच्या गोण्या चढवणार नाही. हे तुम्हाला चालत असेल तर सांगा." पुष्कळ शेठ हसतात, "बरं बापा" म्हणतात आणि ठेवून घेतात, कारण असा पोरगा गल्ल्यावरही हात मारणार नाही हे त्यांना कळतं.

काही ठेवत नाहीत. तेव्हा काय होईल हे ठरतं ते पैशावर. ज्यानं पोळ्याला पाच हजार आणि दिवाळीला दहा हजार उचल घेतली, घरच्या चार एकरांचं खत-बियाणं त्याच दुकानातून उधारीवर नेलं, त्याच्या तोंडून "नाही" निघत नाही. निघालं तरी शेठ वही उघडतो. आमच्याकडे नोकराला बांधून ठेवायची ही जुनी रीत आहे, सालदाराला बांधायचे तीच. म्हणून दुकानात लागताना पहिला नियम: उचल नाही, आणि घरच्या शेताचा माल रोखीनं, नाहीतर दुसऱ्या दुकानातून. पगारातून थोडं थोडं बाजूला काढून तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत मोबाइल बदलायचा नाही. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण ज्यांना मी काउंटरवर सरळ उभं राहिलेलं ओळखतो त्या सगळ्यांच्या खिशात हा थोडा पैसा होता, आणि शेठच्या वहीत त्यांचं पान नव्हतं.

तक्रार करायची की नाही, हा प्रश्न मी कुणावर लादणार नाही. पंचायत समितीचे कृषी अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार जाते, कार्यवाहीही होते. पण तालुक्याच्या गावी मोजकीच दुकानं, सगळे शेठ एकमेकांच्या लग्नातले. तक्रार करणाऱ्याला पुढच्या हंगामात त्या गावात काम मिळत नाही, आणि घरी आई-बाप बसलेले असतात. स्वतः खोटं न करणं हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. दुसऱ्याचं उघडं पाडणं हे ज्याच्या त्याच्या बेतानं. त्याला अपवाद एकच, माणसाच्या जिवाशी जाणारी गोष्ट. मुदत गेलेलं, डबा बदललेलं, सुट्या बाटलीत भरलेलं विष विकलं जात असेल तर गप्प राहता येत नाही, काम जाणार असलं तरी.

आणि सोडायचंच ठरलं तर नुसतं दुसऱ्या दिवसापासून जायचं थांबवू नये. ज्या रॅकची आणि मशीनची जबाबदारी होती त्यांचा साठा शेठसमोर मोजून द्यायचा, आकडा दोघांच्या सहीनं एका कागदावर घ्यायचा, मशीनचा पिन बदलायला लावायचा. आपल्या पदवीवर परवाना असेल तर मूळ प्रमाणपत्र परत मागायचं, आणि अमुक तारखेपासून मी या दुकानात काम करत नाही, परवान्यावरून माझं नाव कमी करावं, असा साधा अर्ज परवाना अधिकाऱ्याला द्यायचा, एक प्रत शेठला. कारण लिहायची गरज नाही. आवक खिडकीवर प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. कारकून "ठेवून जा, नंतर देतो" म्हणाला तरी पोहोच घेतल्याशिवाय निघायचं नाही. दोन महिन्यांनी जाऊन नाव खरोखर निघालं का ते बघायचं. पुष्कळदा निघालेलं नसतं. मग तीच पोहोच दाखवून स्मरणपत्र द्यायचं.